चार्टवरचे ब्याण्णव

सुनेत्राबाईंना ते यंत्र पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

जबलपुरात अधारतालच्या मेन रोडवर एका ट्रस्टचं इस्पितळ होतं. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर नवजात बाळांचा कक्ष. बारा बाळांची सोय, आणि दिवसपाळीला नर्सेस दोन, फार तर तीन. सुनेत्रा पांढरीपांडे तिथल्या हेडसिस्टर. खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये वाढलेल्या, एका फिटरची मुलगी. एकविसाव्या वर्षी नर्सिंगला लागल्या, त्याला आता बत्तीस वर्षं झाली होती. त्यातली सव्वीस त्यांनी या कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांमध्ये काढली होती. बाळाच्या छातीकडे नुसतं बघून त्याला श्वास किती जड जातो आहे ते त्या सांगत, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे.

एका जानेवारीत विनय नावाचा, तिशीच्या आतबाहेरच्या वयाचा एक इंजिनिअर पाठीवर बॅग आणि हातात खोका घेऊन आला. आजोबा नागपूरहून रेल्वेत नोकरीला आलेले, तेव्हापासून त्याचं घर जबलपूरचंच. मराठी समजायची सगळी, पण बोलताना दर दुसऱ्या वाक्याला हिंदीत जायचा. खोक्यात टिफिनच्या डब्याएवढं एक यंत्र होतं. हवा आणि ऑक्सिजन मिसळून देणाऱ्या नळीवर जो नॉब असतो, त्यावर याची छोटी मोटर बसायची. बाळाच्या पायाला बांधलेल्या प्रोबवरून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा मॉनिटरवर येतो, तो आकडा हे यंत्र वाचायचं आणि नॉब स्वतःच फिरवायचं.

"आकडा नव्वदच्या खाली गेला तर वाढवणार, पंचाण्णवच्या वर गेला तर कमी करणार," विनय म्हणाला. "बस. दीदी, आपकी जगह नहीं लेगा."

"माझी जागा घ्यायला त्याला आधी लंगोट बदलता आला पाहिजे," सुनेत्राबाई म्हणाल्या. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "आणि बाळानं पाय झाडला, प्रोब निघाला, तर? आकडाच नाही म्हटल्यावर पूरा ऑक्सिजन खोलून देईल का?"

"नाही. आकडा भरवशाचा नसला तर होता तिथंच थांबतो आणि घंटी वाजवतो. तुम्हाला बोलावतो."

उत्तर त्यांना बरं वाटलं, पण तसं त्या बोलल्या नाहीत.

कक्षाचे प्रमुख डॉक्टर बक्षी यांनी ठरवून दिलं होतं की एक आठवडा नर्सेसनी हातानं नॉब सांभाळायचा, पुढचा आठवडा यंत्रानं, असं आठ आठवडे चालेल. मोटर बंद असली तरी आकड्यांची नोंद डब्यात होत राहील, हेही विनयनं सगळ्यांना सांगितलं होतं. हाताच्या आठवड्यात सुनेत्राबाई जरा जास्तच जीव लावून काम करायच्या. हाताखालच्या पोरींनाही बजावायच्या, "आपली लाज राखा गं."

यंत्राच्या आठवड्यात मात्र त्या मधूनमधून त्या डब्यापाशी उभ्या राहायच्या. तो एका अकराशे ग्रॅमच्या मुलीला लावला होता. ती श्वास घ्यायला विसरायची. या बाळांचं तसंच असतं. दहा-पंधरा सेकंद छाती हलायचीच नाही, आकडा धडाधड उतरायचा, शहाऐंशी, चौऱ्याऐंशी. डबा नॉब वाढवायचा. सुनेत्राबाई तळव्याला टिचकी मारायच्या, पोर दचकून श्वास घ्यायची. इथपर्यंत हातात आणि यंत्रात काही फरक नव्हता. फरक पुढं होता. आकडा वर चढायला लागला की डबा लगेच नॉब मागं घ्यायचा. केसभर, मग पुन्हा केसभर. सुनेत्राबाईंनी असं कधी केलं नव्हतं. इतकं दमलेलं लेकरू, राहू दे थोडं, घेऊ दे पोटभर, असं मनात यायचं, आणि तेवढ्यात शेजारचं बाळ रडायचं, कुणाची सलाईन संपायची, आणि नॉब राहायचा तिथंच.

मार्चमध्ये आठ आठवडे संपले. जेवणाच्या सुट्टीनंतर विनय लॅपटॉप घेऊन नर्सेसच्या खोलीत आला. डॉक्टर बक्षी एका पेशंटमध्ये अडकले होते, म्हणून खोलीत दोघंच होती.

"खालचं दोघांचं जवळजवळ सारखंच आहे, दीदी," तो म्हणाला. "आकडा नव्वदच्या खाली गेला असा वेळ शंभर मिनिटांत मशीनचा नऊ, हाताचा अकरा. तुम्ही बारा बाळं सांभाळून एवढं करता, कमाल आहे."

"आणि वरचं?"

विनयनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. ऑक्सिजन चालू असताना आकडा पंचाण्णवच्या वर होता, असा वेळ यंत्राचा शंभरात बारा मिनिटं होता. हाताचा एकेचाळीस.

"हे होऊच शकत नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या. त्यांनी उठून चार्टांची फाइल आणली. दर तासाला नर्सनं आकडा बघून लिहायचा असतो. त्यांनी पान काढलं, बोट फिरवलं. ब्याण्णव, त्र्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव, चौऱ्याण्णव, ब्याण्णव. "हे बघ. कुठं आहे वर?"

विनयनं तारीख जुळवली आणि त्या दिवसाची रेघ पडद्यावर आणली. सकाळी दहा वाजता चार्टवर त्र्याण्णव होते. डब्यात नव्व्याण्णव. अकरा वाजता चार्टवर ब्याण्णव, डब्यात अठ्ठ्याण्णव. बारा वाजता पुन्हा ब्याण्णव आणि पुन्हा नव्व्याण्णव.

तिन्ही नोंदींपुढची सही त्यांचीच होती.

त्यांना तो दिवस आठवला. सिहोऱ्याहून एक बाळ निळं पडलेलं आलं होतं, त्याच्यापाशी त्या पावणेतीन तास उभ्या होत्या. ते वाचलं. मग हात धुऊन त्या टेबलाशी बसल्या आणि सगळ्या बाळांचे राहिलेले रकाने भरून काढले. भिंतीवर पाटी होती, नव्वद ते पंचाण्णव. हात आपोआप ब्याण्णव लिहीत गेला. त्या वेळी आपण खोटं लिहितो आहोत असं त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं. पोरींना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, कारण त्या लिहायला शिकल्या त्या दीदींकडं बघून.

"दीदी, एक विचारू?" विनय हळूच म्हणाला. "मॉनिटरचा वरचा अलार्म शंभरवर ठेवलेला आहे. सगळ्या मॉनिटरचा. मतलब तो वाजतच नाही. असं काहून?"

"मी ठेवला."

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट होती. तेव्हा वरचा अलार्म पंचाण्णववर होता आणि कक्षात दिवसभर कुठली ना कुठली घंटी वाजत असायची. एका दुपारी एक घंटी वाजत राहिली आणि दोघी नर्सेसना वाटलं, वरचीच असेल. ती खालची होती. ते बाळ गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सुनेत्राबाईंनी एकेका मॉनिटरपाशी जाऊन वरची मर्यादा शंभर करून टाकली, म्हणजे घंटी वाजली की ती खालचीच, धावायचंच. त्यानंतर तसं एकही बाळ गेलं नाही. कमी ऑक्सिजन डोळ्यांसमोर जीव घेतो. जास्त ऑक्सिजन डोळ्यांसमोर काहीच करत नाही. उलट बाळ छान गुलाबी दिसतं.

डॉक्टर बक्षींनी संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत. उद्यापासून वरचा अलार्म पंचाण्णववर आणायचा आणि दिसेल तोच आकडा लिहायचा, एवढंच ते म्हणाले. "राउंडला मी पण हेच ब्याण्णव बघून सही करून राहिलो ना इतकी वर्षं. तुम्ही एकट्या नाही."

"सर, नर्मदा आठवते का? मझौलीची?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सुनेत्राताई, तिचा डोळा गेला त्याला एकच कारण नव्हतं. पोर एकोणतीस आठवड्यांची, साडेनऊशे ग्रॅम. त्यातून तपासणीला तीन आठवडे उशिरा आणली."

"पण जास्त ऑक्सिजनपण कारण असू शकते."

"असू शकते," ते म्हणाले.

नर्मदा पावणेतीन वर्षांपूर्वी जन्मली होती. दीड महिना कक्षात होती. घरी गेली तेव्हा आई मनीषा सुनेत्राबाईंच्या पाया पडली होती. मग डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या आहेत. लेसर केलं. उजवा डोळा राहिला, डावा गेला. सुनेत्राबाईंनी दुसऱ्या दिवशी रेकॉर्डरूममधून तिची जुनी फाइल काढवली. पिवळे पडलेले चार्ट उघडले. ब्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव, ब्याण्णव. दीड महिन्याचे हजारभर आकडे, आणि त्यातून त्या पोरीला खरा किती ऑक्सिजन गेला ते कळायला काही वाट नव्हती. दोष निघाला असता तरी चाललं असतं. पण इथं ना दोष निघत होता ना सुटका, आणि तसं त्यांनी स्वतःच्याच हातानं करून ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी त्या मझौलीच्या बसमध्ये बसल्या. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "कशाला उकरून काढून राहिली?"

मनीषाचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. नवऱ्याचं, रत्नाकरचं, बियाण्यांचं दुकान, त्याच्या वर राहायची जागा. घरात मराठी चालायची, खिडकीखालच्या गल्लीत हिंदी. मनीषानं त्यांना दारात पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"सिस्टर! अरे बाप रे, तुम्ही? नमू, इकडं ये, बघ कोण आलं. यांनीच तुला श्वास दिला."

नमू, म्हणजे नर्मदा, आली. डावा डोळा पांढुरका, लहान झालेला. हातात बाजारातून आणलेली प्लास्टिकची चिमणी होती आणि ती तिनं उजव्या डोळ्याच्या इतक्या जवळ धरली होती की चोच पापणीला लागत होती. सुनेत्राबाईंनी ते पाहिलं. चहा आला, फरसाण आलं. मनीषाची सासू भानुमतीबाई आतल्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तिथूनच मान हलवली.

चहा संपेपर्यंत थांबायचं असं सुनेत्राबाईंनी ठरवलं होतं. त्यांना थांबवलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. नव्या यंत्राबद्दल सांगितलं, डब्यातल्या आकड्यांबद्दल, अलार्मबद्दल, चार्टबद्दल. जास्त ऑक्सिजन लहान बाळाच्या डोळ्याला काय करतो तेही सांगितलं. मनीषा आधी नुसती ऐकत होती. मग तिच्या लक्षात यायला लागलं.

"मग मला तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"तेव्हा मलाच माहीत नव्हतं."

"आणि आता माहीत आहे का? की नमूचा डोळा यानंच गेला?"

"नक्की नाही. लिहिलेलं खरं नाही, म्हणून आता कधीच नक्की कळणार नाही."

"मग आलात कशाला?" मनीषाचा आवाज चढला. "पावणेतीन साल मी... तुम्हाला मालूम आहे का, मी काय ऐकून राहिली या घरात? ग्रहण होतं. सातव्या महिन्यात. सगळे झोपले होते दुपारी, मी यांच्या शर्टाचं बटण लावलं. सुईत दोरा ओवला. बस, तेवढंच. त्याच्यानंतर आठ दिवसांत पोर झाली, आणि डोळा गेला. तेव्हापासून जो येतो त्याला हेच सांगतात, हिनं ग्रहणात सुई धरली, पोरीच्या डोळ्यात गेली. मलाही तेच वाटायला लागलं. रात्रंदिवस तेच."

ती एकदम उठली. आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "आई, बाहेर या."

"काय झालं?"

"या तर. सिस्टर, यांना सांगा. आत्ता मला सांगितलं, अगदी तसंच."

भानुमतीबाई पदराला हात पुसत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. मनीषाला एकटीला सांगणं वेगळं होतं. आता या बाईपुढं, उद्या गल्लीपुढं, परवा कदाचित मझौलीभर. शिवाय एक मोहही होता. माझ्याच हातानं डोळा गेला, असं ठासून सांगितलं तर मनीषा आज सुटत होती. समोर उभी राहून ती तेवढंच मागत होती.

त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. भानुमतीबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "नर्सबाई, खरं सांगून राहिल्या, का सुनेची बाजू घेऊन राहिल्या?"

"ग्रहणात सुई धरल्यानं डोळा जात नाही, हे नक्की," सुनेत्राबाई म्हणाल्या. "इतक्या लहान बाळाला ऑक्सिजन जास्त झाला तर डोळा जाऊ शकतो, हेपण नक्की. माझ्या हातून किती जास्त झाला, ते मला माहीत नाही. कारण मी तेव्हा बघून लिहिलं नाही, अंदाजानं लिहिलं. पण माझ्या हातून झालंच नाही, असं मी म्हणू शकत नाही."

नमू चिमणीची चोच जमिनीवर टकटक आपटत होती. मग भानुमतीबाई उठल्या आणि आत गेल्या. तांदळाचं ताट पुन्हा वाजायला लागलं.

"मनीषा, अजून एक," सुनेत्राबाई म्हणाल्या. "ती वस्तू फार जवळ धरते. उजव्या डोळ्याला नंबर असणार. शेवटचं कधी दाखवलं?"

"लेसरनंतर एकदा. मग हे म्हणाले, नशिबात आहे ते आहे."

"पुढच्या गुरुवारी आमच्याकडं डोळ्यांचे डॉक्टर येतात. घेऊन ये. नंबर लवकर कळला पाहिजे, नाहीतर या डोळ्यालापण नीट बघायची सवय लागत नाही."

मनीषानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांना पोचवायला ती दारापर्यंतही आली नाही. परतीच्या बसमध्ये सुनेत्राबाईंना हलकं वाटलं नाही. आपण एका घरात दगड टाकून आलो, एवढंच वाटत राहिलं.

दरम्यान कक्षात घंट्यांचा कहर झाला होता. वरचा अलार्म सुरू केल्यावर पोरी वैतागल्या. तेव्हा विनयनं आणि सुनेत्राबाईंनी मिळून वरच्या आणि खालच्या घंटीचे आवाज वेगळे लावून घेतले. मॉनिटरमध्ये ती सोय पहिल्यापासूनच होती, पण कुणी कधी शोधली नव्हती. चार्टवर अठ्ठ्याण्णव, सत्त्याऐंशी, शहाण्णव असे आकडे दिसायला लागले. ट्रस्टचे एक सदस्य पाहणीला आले, ते म्हणाले, "पूर्वी चार्ट किती चांगले असायचे." सुनेत्राबाईंनी त्यांना हातातलं पान देऊन एका मॉनिटरसमोर उभं केलं आणि जुळवून बघायला सांगितलं. विनयचा डबा प्रयोगापुरताच होता, तो परत न्यायचा होता. सुनेत्राबाईंनी डॉक्टर बक्षींकडून अर्ज लिहवून घेतला आणि खाली स्वतःची सही केली की तो इथंच हवा आहे, आणि एक पुरत नाही. डबा एक राहिला. सगळ्यात लहान बाळ असेल त्याला तो लावायचा असं ठरलं, आणि बाकीच्यांसाठी नर्सेसचेच हात. पण आता श्वास परतला की नॉब मागं घ्यायचं कुणाला सांगावं लागत नव्हतं.

तो गुरुवार आला तसा गेला. त्यापुढचाही. तिसऱ्या गुरुवारी डोळ्यांच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर मनीषा बसलेली दिसली. शेजारी भानुमतीबाई, त्यांच्या मांडीवर नमू. सुनेत्राबाई जवळ गेल्या तेव्हा मनीषानं "नमस्ते, सिस्टर" म्हटलं, आणि कागद चाळायला लागली. पूर्वीसारखी ती हसली नाही. सुनेत्राबाईंनीही जास्त काही विचारलं नाही. डॉक्टरांकडून चष्म्याचा नंबर काढून घेतला, पुढच्या तारखा लिहून दिल्या, दर सहा महिन्यांनी यायचंच हे दोनदा सांगितलं. नंबर उणे सात निघाला होता.

चष्मा आठवड्यानं मिळाला. तो घ्यायलाही तिघी आल्या. नमूनं तो दोनदा काढून फेकला. रबरी पट्टा डोक्यामागं बांधायचा होता आणि मनीषाच्या हातून तो सारखा निसटत होता.

"आण इकडं," भानुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी नातीला मांडीवर उलटं बसवलं, केस बाजूला केले आणि पट्टा सावकाश ओवून मागं गाठ मारली. मग गाठीखाली बोट घालून बघितलं. "काचून नाही राहिलं ना, नमू?"

"नाही," नमू म्हणाली. ती ओपीडीच्या फरशीवरचे काळे-पांढरे चौकोन बघत होती.

भानुमतीबाईंनी सुनेकडं न बघताच विचारलं, "हा पट्टा सैल झाला तर दुसरा इथंच मिळते का? विचारून घे सिस्टरला."

मनीषानं विचारलं. सुनेत्राबाईंनी दुकान दाखवलं आणि त्या वर कक्षात निघून गेल्या, कारण एका नव्या बाळाला घेऊन ॲम्ब्युलन्स खाली येऊन थांबली होती.